अप्पांनी मोडलेला खेळ

अप्पा गेल्याचा निरोप आमच्या युसूफ वडगाव या गावाहून आला तेव्हा मी अंबाजोगाईत वकिलांकडे कामावर होतो. हातातला मसुदा पुरा केला आणि मगच निघालो. माती दिल्यावर चार जण बोलले. एकाने तर त्यांना गावच्या लेकराबाळांचा आधार म्हटले... महिना झाला, ते शब्द घशाखाली उतरत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

अप्पा माझे चुलते. वडील लवकर गेले. कापडाचे दुकान, घर आणि आम्ही दोघे बहीणभाऊ त्यांच्या हुकुमात आलो. माझी थोरली बहीण पार्वतीअक्का सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. वेचणीच्या दिवसांत बाया कापसात जात आणि त्यांची तीन-चार वर्षांची पोरे गल्लीत रडत बसत. अक्काने ती दुकानामागच्या रिकाम्या खोलीत गोळा केली. चिंचोके, चिंध्या, चिखल, एक फुटकी चाळणी... एवढ्यावर दिवस जाई. पाटी नाही, छडी नाही. तिचे नेम मात्र पक्के. लेकराला मारायचे नाही. रंगलेला खेळ मोठ्याने मोडायचा नाही. पोराने केलेल्या चिखलाच्या बैलाचे वाकडे शिंग आपण सरळ करायचे नाही. आणि कोण कुणाचे पोर, हे विचारायचे नाही.

या शेवटच्या नेमावर अप्पा पेटले. गावाबाहेरच्या वस्तीतली चार वर्षांची शेवंता आमच्या रांजणातले पाणी घेऊन चिखल कालवत होती. अप्पांनी कापड मोजायचा गज उचलला आणि तिच्या हातांवर ओढला. अक्का मध्ये पडली. दुसरा फटका तिच्या मनगटावर बसला. या खेळातून काय शिकतात ही पोरे, असे त्यांनी दरडावून विचारले.

अक्का म्हणाली, "हितं लेकरू भेत न्हाई, अप्पा. बाकीचं ते आपलं आपण शिकतंय."

अप्पांनी मला गावी बोलावून घेतले. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले आणि उर्दू अर्ज लिहिणे हा माझा धंदा. घरात विनापरवानगी मदरसा, म्हणजे शाळा, चालतो, असा तहसीलदाराला अर्ज हवा होता. अक्काशी एकदा बोलून बघतो, असे मी म्हणालो.

"तू लिही बे. बोलायचं मी बघतो."

मी लिहिला. माझे अक्षर चांगले आहे.

शिपाई हुकूम घेऊन आला. अक्काला उर्दू येत नव्हते, तिने तो माझ्याकडेच वाचायला दिला. अर्ज कुणी केला, असे तिने विचारले. मी अप्पांचे नाव सांगितले; लिहिला कुणी, ते गिळले. खोलीत कापडाचे गठ्ठे रचले गेले, आणि अक्का पुढची बारा वर्षे अप्पांच्या भाकरी थापत राहिली.

गेलेल्या माणसाचे वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तरी कोण बोलले होते? मी तर नाहीच.

आता अक्काला माझ्याकडे आणले आहे. आल्या दिवशीच अर्जाचे सांगून टाकले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय. अप्पांनी त्याच दिशी सांगितलं व्हतं."

परवा कामावरून आलो, तर माझा चार वर्षांचा मुलगा अंगणात माती कालवत होता. मला पाहताच तो उठला, चड्डीला हात पुसले आणि ताठ उभा राहिला. मी दारात उभा होतो, एक शब्दही बोललो नव्हतो... अप्पाही दारात असेच उभे राहत.