फिनलेनं ओळ देणं का सोडलं

फिनले मॅकआस्किलला दुपारी माती देऊन पुरुष मंडळी परतली, तोवर त्याच्या घरातलं सूप आटून खळीसारखं झालं होतं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची जुनी रीत अशी की बायका दफनभूमीत जात नाहीत. त्यामुळे सूप, स्कोनचे छोटे पाव आणि रडणं ही तिन्ही कामं घरी बायकांच्याच वाट्याला येतात. फिनलेची बहीण इशबेल मात्र रडत नव्हती. ती चुलीपाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला "खाल्लंस का?" एवढंच विचारत होती.

गावातली डॉलिना बशा पुसत होती. पुसलेल्याच पुन्हा पुसत होती. आता आठवणी निघणार, आणि निघता निघता कुणीतरी त्या रविवारचं काढणार, ही एकच धास्ती तिला सकाळपासून होती.

फिनले काही पाळक नव्हता. घरामागच्या शेडमध्ये मागावर ट्वीडचं लोकरी कापड विणायचा आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्राची ओळ द्यायचा. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, काही नाही. एक माणूस ओळ उचलतो आणि सगळी मंडळी त्याच्या मागून जाते. फिनलेनं ओळ उचलली की दगडासारखी माणसं डोळे पुसायची. पण खरा फिनले भेटायचा तो शेडमध्ये. ज्याला म्हणून आपलं ओझं पेलवत नव्हतं, तो तिथं जाऊन बसायचा. दिवसभर खडखडणारा माग मध्येच थांबला की गाव समजायचं, आत कुणीतरी रडतंय. कोण ते बघायला मात्र कुणी जायचं नाही. एरवी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्यात आम्ही कुणाला हार जाणारे नाही, पण तेवढी लाज बाळगून होतो.

"मला प्रार्थना त्यानं शिकवली," पेगी म्हणाली. पेगी ही डॉलिनाची शेजारीण, जीभ तिखट. "माझा माणूस समुद्रानं नेला तेव्हा. मी म्हटलं, मला देवाशी बोलायचं नाही, भांडायचंय. तर म्हणतो, मग भांड की. मोठे शब्द कशाला शोधतेस? मला जे ऐकवतेस तेच त्याला ऐकव. फक्त मधूनमधून दम घे, त्यालाही काही सांगायचं असेल."

"मग, सांगितलं का त्यानं?" इशबेलनं विचारलं.

"अजून माझंच संपलं नाही," पेगी म्हणाली, आणि खोलीतलं अवघडलेपण जरा सैल झालं.

डॉलिना हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे तिची वाळत घालायची दोरी होती.

वीसएक वर्षं झाली त्याला. तिचा नवरा तेलाच्या जहाजावर होता आणि तिसरं बाळंतपण होऊन महिना झाला होता. अंगातलं बळच गेलं होतं. उठावं, वेणी घालावी, एवढंही वाटत नव्हतं. बाळ रडत होतं आणि ती भिंतीकडे बघत होती. शनिवारचे लंगोट दोरीवर तसेच राहिले आणि रविवार उजाडला. आमच्याकडे शब्बाथला, म्हणजे रविवारी, कुठलंच काम करायचं नाही, बटाटासुद्धा सोलत नाहीत, तो शनिवारीच सोलून पाण्यात ठेवतात. आणि हिचे लंगोट भर रस्त्यावर, चर्चला निघालेल्या अख्ख्या गावासमोर फडफडत होते. माणसं रस्त्याकडे बघत पुढे गेली. दयेपोटी म्हणा, नाहीतर लाजेपोटी.

फिनले मात्र वळला. काळा कोट, काळी टोपी आणि काखेत बायबल अशा थाटात तिच्या फाटकातून आत आला. एकेक चिमटा काढून लंगोट गोळा केले, आत आणून घड्या घातल्या, चूल पेटवली आणि बटाटे सोलले. बाळाला खांद्यावर टाकून येरझारा घातल्या. "तू नीज गं पोरी," एवढंच म्हणाला. त्या दिवशी चर्चमध्ये ओळ द्यायला माणूस नव्हता.

आणि महिन्याभरात फिनलेनं ते काम कायमचं सोडलं. पुढच्या बाकावरून उठून मागे, दाराजवळ जाऊन बसला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. डॉलिनानं सुतावरून नरक गाठला. माझ्या लंगोटांपायी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी याला उठवलं, हे तिनं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. त्यानंतर फिनले दर गुरुवारी तिच्याकडे यायचा. एखादा अध्याय वाचायचा, चहा प्यायचा, मुलांच्या तुटलेल्या खेळण्यांना खिळे मारायचा. तिच्या मनावरचा अंधार त्या गुरुवारांनीच हळूहळू ओसरला. कितीदा तरी तिच्या ओठांवर आलं, माझ्यामुळे का? पण फिनले खोटं बोलत नसे, हीच तर पंचाईत होती. तो "हो" म्हणाला असता तर?

"टॉरमॉड, तू काहीच बोलत नाहीस," इशबेल म्हणाली.

टॉरमॉड म्हणजे फिनलेचा लहानपणापासूनचा मित्र, चर्चच्या त्या वडीलमंडळींपैकी एक. हसलं तर दंड भरावा लागेल अशा चेहऱ्याचा माणूस. त्यानं कप खाली ठेवला.

"मला एक गोष्ट पोटात ठेवायला सांगितली होती. तो जिवंत असेपर्यंत. आज माती दिली, आता माझं तोंड मोकळं झालं." त्यानं घसा खाकरला. "त्यानं ओळ देणं सोडलं ना, त्याचं."

डॉलिनाच्या हातातली बशी तिथंच थांबली.

"कवळी," टॉरमॉड म्हणाला. "वरचे दात काढून नवी कवळी बसवली होती. आवाज वर चढला की तिच्यातून शीळ निघायची. मला म्हणाला, डोंगरावर चल, तू ऐकून सांग. गेलो. त्यानं पहिली ओळ उचलली, आणि माझा शिळेच्या इशाऱ्यावर चालणारा कुत्रा पलीकडच्या उतारावरून होती नव्हती ती सगळी मेंढरं घेऊन आमच्यापुढे हजर. दुसरी ओळ घेतली, तर त्यानं मेंढरं डावीकडे वळवली. फिनलेनं तिथंच कवळी काढून रुमालात बांधली. म्हणाला, टॉरमॉड, देवाच्या घरात मी कुत्री नाही बोलावणार."

इशबेलनं तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावला आणि हसता हसता, सकाळपासून पहिल्यांदा, ती रडली. पेगी तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

"म्हणजे माझ्या लंगोटांमुळे नाही?"

डॉलिनानं हे मोठ्यानं विचारलं होतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कसले लंगोट?" टॉरमॉडनं विचारलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "ते होय. एक जण बोलला होता खरा त्यावर, बैठकीत. फिनलेनं विचारलं, शब्बाथला तुझं मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढशील ना? तो म्हणाला, काढीन. मग आता काही बोलू नकोस, म्हणाला फिनले. विषय तिथंच मिटला."

"कोण होता तो शहाणा?" पेगीनं विचारलं.

"मीच," टॉरमॉड म्हणाला आणि कपात बघत बसला.

डॉलिनाचा जीव असा भांड्यात पडला की तिला खुर्ची ओढून बसावंच लागलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला ते आवरायचंही नव्हतं. "त्याचं गाणं माझ्यापायी गेलं असं धरून बसले होते मी," ती म्हणाली. "म्हणून चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचे. आवाज काढायची हिंमतच नव्हती."

"आणि मी इतकी वर्षं शेजारी बसून तुझी कीव करत होते," पेगी म्हणाली. "म्हटलं, बिचारीला गळाच दिला नाही देवानं."

टॉरमॉडनं बायबल उघडलं. दफन झाल्यावर घरात एक स्तोत्र होतं, ते आमच्याकडे चुकत नाही. त्यानं ओळ दिली, जाड, बसक्या आवाजात. माणसं हळूहळू तिच्यात मिसळली. डॉलिनानं तोंड उघडलं आणि आवाज आला. खरखरीत होता, सुराच्या खाली होता, आणि सगळ्यांच्या मागे राहून शेवटचा शब्द एकटाच म्हणत होता.

पेगी तिच्याकडे वळून बघायला लागली. "देवानं खरंच दिला नाही गं," ती हळूच म्हणाली.

डॉलिनानं मान हलवून हो म्हटलं आणि पुढच्या ओळीला आवाज आणखी चढवला.