खळीचा अंगठा

काका पुस्तकं बांधायचे. छापखान्याच्या मागच्या लांबट खोलीत, एकुलत्या एका खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. त्यावर सुया, दोरा, पुठ्ठे आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. खळ ते स्वतः शिजवत. मालकांनी विकतचा गोंद आणून दिला तर म्हणत, "यानं पुस्तकाची पाठ धरते. उघडायला गेलं की कण्हतं, माझ्यासारखं."

दुखणं जुनं होतं. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची आणि काम टाकून सारखं संडासाकडे धावावं लागायचं. छापखान्यातले त्यांना 'पळते काका' म्हणत, काकाही हसत. कुणी पित्त म्हणालं, कुणी काळजीनं होतं म्हणालं. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी नेमकं काय ते ओळखलं.

"गव्हात ग्लूटेन असतं. ते तुमच्या आतड्यांना सोसत नाही. पोळी, पाव, बिस्किटं, मैदा सगळं बंद. कणभरसुद्धा नाही. पाळलंत तर अंग भरेल."

काकूंनी स्वयंपाकघर पालथं घातलं. पिठाचा डबा शेजारणीला दिला, लाकडी चमचे टाकले, चाळणी टाकली. स्वतःही पोळी सोडली.

"अगं, तुला काय धाड भरलीय? तू खा की," काका म्हणाले.

"तुम्ही समोर भात चिवडत बसणार आणि मी पोळ्या चापणार? घशाखाली उतरेल का?"

वर्ष सरलं तरी काकांचं अंग भरेना. रक्ताची तपासणी पहिल्यासारखीच वाईट. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, तुम्ही कुठेतरी खाताय."

घरी आल्यावर काकूंनी पिशवी आपटली. "चहाबरोबर बिस्किट बुडवत असाल तिकडे. मी इथे चमचे फेकतेय!"

"तुझ्या गळ्याची शपथ, नाही."

"माझा गळा स्वस्त आहेच!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाकडे पुरावा नाही. त्या दिवसापासून घरात बोलणं मोजकं झालं. काकांना दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मग एके दुपारी काकू न सांगता छापखान्यात गेल्या. नवऱ्याला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून कागदाच्या गठ्ठ्याआड उभ्या राहिल्या. काका पाठमोरे होते. अंगठ्यानं खळ पसरायची, फडक्याला ओझरता हात पुसायचा, तोच अंगठा जिभेला लावून पुढचं पान सोडवायचं. पुन्हा खळ, पुन्हा जीभ. कुणी नोटा मोजाव्यात तितकं सहज.

"खाताय की हो!" काकू ओरडल्या.

काका दचकले. "काय खातोय? हात रिकामा आहे माझा!"

"अंगठा बघा अंगठा!"

काकांनी अंगठा समोर धरला. त्यावर मैद्याची खळ वाळत होती. काकू तिथेच गठ्ठ्यावर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "मी तुम्हाला खोटं ठरवलं हो," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर सगळे उपाय झाले. रबरी मोजे घातले, तर कागदाचा पोत कळेना. ओला स्पंज ठेवला. हात स्पंजाला जायचा आणि तिथून तोंडाला. काकूंनी अंगठ्याला कडू औषध चोपडलं, लहान मुलाला चोपडतात तसं. काकांनी तेही चाटलं. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "जित्याची खोड..." आणि त्यांनी म्हण तिथेच गिळली. शेवटी काकांनी विकतचा गोंद पत्करला. पण खोलीतल्या इतर कारागिरांची खळ शिजतच होती, मैदा चाळला जातच होता, हवेत उडतच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती खोली सोडा."

"बरा झाल्यावर परत बसता येईल?"

"तिथे नाही. घरी, पिठाशिवाय, बसता आलं तर बसा."

त्या आशेवर काकांनी काम सोडलं. पोट खरंच शांत झालं. पण तोवर बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या, मग बोटं बधिर झाली. इतकी वर्षं अंगी न लागलेल्या अन्नानं नसा वाळवल्या होत्या. "आहे ते टिकलं तरी पुष्कळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यावेळी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं नाही.

पुढे एकदा मालक घरी आले. हातात एक जाडजूड जुना शब्दकोश, पाठ उसवलेली.

"काका, यंत्रावर हा फाटेल. खळीचं मी तिकडे बघतो, तुम्ही नुसती शिवण घाला."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पानं हलकेच उघडली, जुना दोरा कुठे तुटलाय ते दाखवलं. काकूंनी सुई ओवून दिली. पहिला टाका पडला. दुसऱ्याला सुई कागदाऐवजी बोटात गेली. काकांना कळलंच नाही. ते तसंच ओढत राहिले. पानावर लाल ठिपका पसरला तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे, काका," मालक म्हणाले. "घाई नाही."

"घाई नाही म्हणून काय झालं?" काकांनी शब्दकोश मिटला, कागदात नीट गुंडाळून दिला. "दुसरा कुणी बघा. आणि ते पान खराब झालंय, तेवढं गिऱ्हाइकाला आधी सांगा."

मालक गेले. काकूंनी बोटाला पट्टी बांधली.

"दुखतंय का हो?"

"नाही ना," काका म्हणाले.