मागं राहिलेला आकडा

मायाक्काला विमान उडवता येत होतं. त्यात खोटं काही नव्हतं. दोनशे तासांची उड्डाणं तिच्या वहीत सही-शिक्क्यासकट होती, सरकारी लायसन होतं, आणि ते लायसन चार वर्षं आत्याच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून होतं. कारण विमान उडवता येणं वेगळं आणि कंपनीनं तुम्हाला उडवू देणं वेगळं. मधी एक परीक्षा असती. त्या परीक्षेत विमान कुठंच नसतं.

परीक्षा अशी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध एक फुली आणि तिच्यापासनं सारखा पळून जाणारा ठिपका. उजव्या हातातल्या दांड्यानं ठिपका फुलीवर धरायचा. तेवढ्यात कानात आकडे येत राहणार. लागोपाठ तीन विषम आले की डाव्या हातानं बटण दाबायचं. वरच्या कोपऱ्यात गणित, त्याचं उत्तर द्यायचं. खालच्या कोपऱ्यातला रंग बदलला की आणखी एक बटण. हे सगळं एकदम, सात मिनिटं. माणसाचं ध्यान चार जागी वाटलं तर ते शाबूत राहतं का फुटतं, एवढंच कंपनी बघती.

मायाक्काचं दोन वेळा फुटलं होतं. या कंपनीचा नियम असा की तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा घसरलं की ते दार कायमचं बंद. बाकीच्या कंपन्यांची भरती निघतच नव्हती, आणि मायाक्काला एकोणतिसावं लागलं होतं. तिसरी परीक्षा अठरा दिवसांवर आली होती, हैदराबादेत.

राहायला ती आत्याकडं, जुळे सोलापुरात. सकाळी सहा ते नऊ सराव, मग एका खाजगी क्लासात अकरावीच्या पोरांना गणित, घरी आली की पुन्हा सराव. शेजारणीनं एकदा आत्याला जिन्यात गाठलं.

"तुमची भाची पायलट हाय म्हणत हुता न्हवं? ती तर घरात बसून गेम खेळती की वो."

"व्हय," आत्या म्हणाली, "पगारी गेम हाय. जिंकली की विमान देत्यात."

आत्या असं तोंडावर बोलायची आणि आत येऊन भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

त्याच दिवसांत मायाक्काचा बाप बिरप्पा सोलापुरात आला, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला. मंगळवेढ्याकडचा धनगर माणूस. पोरीच्या शिक्षणात कळप तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. उरलेली पन्नासेक मेंढरं भावकीतल्या बसूच्या हवाली करून आला होता. डॉक्टरांनी डोळा साफ केला आणि बजावलं, डोळा चोळायचा न्हाय, वाकायचं न्हाय, उन्हाकडं बघायचं न्हाय. काळा चष्मा लावून बिरप्पा खाटेवर पडून राहिला. जन्मभर चाललेल्या माणसाला पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. त्याच खोलीत पोरीचा सराव चालायचा.

हेडफोननं कान ठणकायला लागले होते म्हणून मायाक्का आवाज खोलीतच सोडायची. आकडे यायचे, आणि चूक झाली की कॉम्प्युटर ट्यॅं करून ओरडायचा.

तिसऱ्या दिवशी बिरप्पा पडल्या पडल्या म्हणाला, "माये, हे डबडं वरडतंय ते कशानं?"

"चुकलं की वरडतंय, आप्पा."

"तू एकेकटं चुकत न्हाईस बग."

"म्हंजे?"

"लई येळ गप असतंय. मग एकदा वरडतंय, आन त्याच्या पाठीला लगीच पाच-सा डाव. परत गप. झुंडीनं चुकतीस तू."

मायाक्कानं दांडा सोडला. झाल्या सरावाची नोंद उघडून बघितली, कालची, परवाची बघितली. बाप खोटं बोलत नव्हता. चुका सगळ्या घोळक्यानं. पुण्याच्या निवेदिता मॅडम तिला ऑनलाइन शिकवायच्या, त्या शेवटचा टक्का बघून म्हणायच्या, एकसष्ट, अजून एकाग्रता वाढव. ती वाढवायला जायची. चुका कुठल्या क्रमानं पडतात हे कुणी ऐकलंच नव्हतं.

"पैल्यांदा वरडलं की काय करतीस?" बापानं विचारलं.

"कुठला आकडा सुटला ते आठवून बघती."

"आन तवर?"

"तवर बाकीचे येतच असत्यात की."

"मग सोड की त्याला."

"सुटत न्हाय, आप्पा." ती जरा चिडूनच बोलली. "तुमीच शिकीवलंय. लंगडं मागं राहिलं तर कळप थांबवायचा. मागं जाऊन आणायचं, मगच फुडं. एकबी सोडायचं न्हाय."

"हे मी कवा सांगितलं?"

"चिंगीच्या वक्ताला."

काळ्या चष्म्यामागं डोळे उघडे होते का मिटलेले, कळत नव्हतं.

चिंगी म्हणजे एक कोकरू, पुढच्या पायानं अधू. मायाक्का तेव्हा सहा वर्षांची, घोड्यावरच्या बोजात बसून मेंढरांबरोबर रानोमाळ फिरायची. टेंभुर्णीजवळ मोठा रस्ता ओलांडताना चिंगी मागं पडली. मुक्कामावर पोरीनं रडून आकांत केला, तेव्हा बापानं सांगितलं होतं: मी मागं गेलतो, तिला उचलली, पाय बरा होईस्तवर एका पावण्याच्या वस्तीवर ठेवली. धनगर एकबी मेंढरू सोडत नसतोय. या गोष्टीवर मायाक्कानं पुढं आश्रमशाळेत भाषण ठोकलं आणि वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं. विमानाच्या शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीलाही हीच गोष्ट सांगितली होती. साहेब लोक माना डोलवत होते.

"ती मेली," बिरप्पा म्हणाला.

"कोण?"

"चिंगी. मी काय मागं गेलो न्हाय. डांबरावर बसली ती बसलीच. तुजी आई म्हणली, फिरा मागं. म्हणलं, मी फिरलो तर ही दीडशे माझ्या मागं फिरत्याल आन समदी ट्रकाखाली जात्याल. मेंढराची जात अशी, धनी वळला की कळप वळतोय. म्हून मान वळवली न्हाय. हाळी देत फुडं चालत राहिलो."

"मग मला तसं का सांगितलं?"

"सा वर्साची हुतीस. जेवत न्हवतीस. काय सांगायचं?"

"नंतर तरी सांगायचं की!"

"नंतर तू बक्षीस आणलंस."

आत स्वयंपाकघरात आत्याचं भाकरी थापणं थांबलं होतं.

मायाक्का रडली वगैरे नाही. घड्याळात नऊ वाजले होते. ती उठली, पिशवी घेतली, क्लासात गेली आणि पोरांना त्रिकोणमिती शिकवली. संध्याकाळी मात्र सरावाला बसली नाही. कोकरासाठी जीव तुटला असंही नव्हतं. बावीस-तेवीस वर्षांत किती मेंढरं आली आणि गेली. तिला शीण आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या सवयीला ती आपल्या जातीचा पीळ समजत होती, ती सवय एका रडक्या पोरीला जेवू घालायची थाप होती. आणि तिच्या पायी दोन परीक्षा गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती परत बसली. कळलं म्हणून हात लगेच वळत नसतो. पहिला ट्यॅं झाला आणि डोकं सवयीनं मागं पळालं.

खाटेच्या लाकडावर बिरप्पानं काठी आपटली. "फुडं!"

"आप्पा, दचकले की मी!"

"दचक. पर फुडं चल."

अकरा दिवस हे चाललं. डबडं ओरडलं की काठी वाजायची, काठी वाजली की पोरगी पुढं. आत्या म्हणाली, दोघं मिळून माझी खाट मोडणार. सहाची झुंड चारावर आली, मग तीनावर. एखाद्या सकाळी दोनवर यायची आणि दुपारी पुन्हा पाचावर जायची. एकावर कधीच आली नाही. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासला आणि बिरप्पा दुपारच्या एसटीनं मंगळवेढ्याला गेला. बसूचा सकाळपासून तीनदा फोन आला होता, दोन मेंढ्या व्यायच्या होत्या.

हैदराबादच्या त्या हॉलात चाळीस पोरं होती. कडक इस्त्रीची, बहुतेक मायाक्कापेक्षा लहान. खुर्ची मऊ होती, दांडा नवा होता, आणि मशीन ओरडत नव्हतं. खऱ्या परीक्षेत चूक झाली तर कुणी सांगत नाही. हे तिला आधी दोनदा बसून माहीत होतं, पण अकरा दिवसांच्या ट्यॅं-खडखडीनंतर ती शांतता अंगावर आली. चौथ्या मिनिटाला एक आकडा निसटल्यासारखा वाटला. सात होता की आठ? मान आतल्या आत मागं वळायला लागली. तेवढ्यात पुढचा आकडा आला, आणि ती त्याच्याबरोबर गेली. मुद्दाम सोडला का मागं जायची ताकदच उरली नव्हती, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

पाचव्या दिवशी मेल आला. पास.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "पेढं आणू का?"

"थांब. अजून दोन फेऱ्या हायत."

"अगं बया! तुजं पेढं खाईस्तवर मला साखर हुईल."

मायाक्कानं बापाला फोन लावला. पलीकडं वारा आणि मेंढरांचा कालवा.

"आप्पा, ही परीक्षा झाली. सुटले."

"ब्येस. मग विमान कवा?"

"आता गटात बसवून बोलायला लावत्यात. मग खोट्या विमानात बसवत्यात."

"आन खऱ्यात?"

"बगू की."

"लई लांबड हाय गं तुजी." त्यानं मेंढरांना एक हाळी दिली. "जेवलीस का?"

"न्हाय अजून."

"जेव. ठेवतो. ह्या बसूनं मेंढरं दुसऱ्याच्या रानात घातल्याती."

तिनं क्लासात कळवलं, आज येत नाही. परीक्षेचे दिवस सोडले तर चार वर्षांतला पहिला खाडा. जेवायला वाढून ठेवून आत्या हाक मारायला आली, तर पोरगी खाटेवर सुद्धा गेली नव्हती. चटई न टाकता फरशीवर, भर दुपारी बारा वाजता, तोंड उघडं टाकून झोपली होती. आत्यानं ताट झाकलं आणि शेजारीण दार वाजवायला लागली तर उघडलं नाही.