गराजमधल्या खुर्च्या

मी वळलेले मोदक मेधाकाकूंनी सिंकमध्ये ओतले आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

अमेरिकन सिंकच्या तोंडाशी एक यंत्र असतं. खरकटं दळून पाइपात ढकलतं. ते घरघरलं. पांढरी उकड, आतलं गूळखोबरं, सगळं गरगरत खाली गेलं. मी बाथरूममधून आले होते. दारातच उभी राहिले. ओट्याभोवती पाच-सहा बायका होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

"फाटले होते गं ते," काकू म्हणाल्या.

फाटले नव्हते. थोड्याच वेळापूर्वी याच काकूंनी माझा एक मोदक तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला होता. "बघा, नागपूरची असून किती सुबक कळ्या काढल्यात हिने." सगळ्या हसल्या होत्या. मीसुद्धा.

तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "अय्या, नागपूर? मी पण नागपूरची. धरमपेठ. तुम्ही कुठल्या?"

"इंदोरा."

"अच्छा. इंदोरा."

नागपूरच्या माणसाला इंदोरा म्हटलं की वस्ती कुणाची, ते सांगावं लागत नाही. तरी तिने आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती हात पुसत उठली, काकूंना घेऊन कोठीच्या खोलीत गेली. मी बाथरूमला गेले. एवढ्यात झालं सगळं.

"तू असं कर," काकू म्हणाल्या. आवाज एकदम गोड. "गराजमध्ये फोल्डिंगच्या खुर्च्या येऊन पडल्यात. त्या जरा मांडून घेतेस? इथे तशीही गर्दी झालीये."

मी गेले. का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लहानपणापासून पाय शिकलेले असतात.

गराज तापलं होतं. शार्लटचा सप्टेंबर म्हणजे उन्हाळाच. मी सिल्कची साडी नेसले होते. पदर खोचला आणि एकेक खुर्ची उघडून रांगेत लावायला लागले. काकूंची मुलगी फ्रीजमधून सोडा घ्यायला आली. पंधरा-सोळा वर्षांची. माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "आर यू विथ द केटरर?"

"नो," मी म्हणाले.

आरती झाली. मी शेवटच्या रांगेमागे उभी होते. शिल्पा कागदी प्लेटमध्ये प्रसाद घेऊन आली. मला या घरी आणणारी शिल्पाच. पुण्याची, शार्लटमध्ये एका बँकेच्या आयटीत होती. तिने प्लेट माझ्या हातात दिली. डोळ्यांत बघितलं नाही. मोदक वळताना ती माझ्या समोरच बसली होती.

मी प्लेट तशीच एका खुर्चीवर ठेवली आणि निघाले.

माझं घर तिथून तासाभरावर. शार्लटच्या पश्चिमेला एक लहान गाव. गावाचं नाव सांगून उपयोग नाही. शार्लटमधल्या लोकांना ते फक्त हायवेवरची एक एक्झिट म्हणून माहीत असतं. मी फिजिओथेरपिस्ट. मोठ्या शहरात मला कुणी घेतलं नव्हतं. या गावातल्या हॉस्पिटलने व्हिसा दिला, म्हणून आले. गावात कापडाच्या गिरण्या होत्या, त्या एकामागोमाग बंद पडत होत्या. मेन स्ट्रीटवर अर्ध्या दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेला. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये आणि मी एकटी लाँड्रीत. मी दोन वर्षं तिथे मराठी शब्द फक्त फोनवर ऐकला.

आणि तासाभरावर शार्लट होतं. दर महिन्याला नवी कॉलनी, नवे इंडियन ग्रोसरीवाले, नवं देऊळ. क्रेनच क्रेन. आपले लोक तर इतके की शिल्पाच्या कॉम्प्लेक्समध्ये संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास यायचा. ती म्हणायची, "यार, त्या खेड्यात तू राहतेस कशी? तिकडे सगळे रेडनेक, गावठी गोरे. एक दिवस कुणीतरी तुझा अपमान करेल, मग कळेल. इकडे ये. आपली माणसं आहेत."

मला पटत होतं. शिल्पा आणि मी मिळून टू-बेडरूम घ्यायचं ठरलं होतं. मी रोज दोन तास ड्राइव्ह करायला तयार होते.

आमच्या घरी गणपती बसत नाही. आम्ही बौद्ध. बाबा रेल्वेत खलाशी होते. त्यांनी कधी घरात मूर्ती येऊ दिली नाही. मोदक मी हॉस्टेलमध्ये शिकले, रत्नागिरीच्या रूममेटकडून. काकूंच्या घरी मी देवासाठी गेलेच नव्हते. मराठी कानावर पडावं म्हणून गेले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आईला फोन केला. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.  ती म्हणाली, "तेथंबी?"

एवढंच. मी काहीतरी उगाच बोलत राहिले, हवेचं, जेवणाचं. तिने ऐकून घेतलं.

सोमवारी माझ्याकडे एक नवा पेशंट आला. सत्तरीचा गोरा माणूस, गिरणीतून रिटायर झालेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी नाव सांगितलं, पलंगापाशी स्टूल ओढलं. त्याने पाय मागे घेतला.

"दुसरी कुणी नाही का?" तो म्हणाला. "इथली?"

माझा हात हवेतच राहिला. शनिवारचं सगळं परत अंगावर आलं. कानशिलं तापली. मी उठायला लागले. पुन्हा तेच. कुणी नको म्हटलं की उठायचं.

पलीकडच्या पलंगापाशी माझी सुपरवायझर लोरेटा होती. काळी बाई, याच गावात जन्मलेली, पन्नाशीची. तिने मान न वळवता म्हटलं, "हीच आहे. नको असेल तर शार्लटला जा. तासभर गाडीत तो गुडघा दुमडून बस."

तो पुटपुटला. मग पाय पुढे केला. पूर्ण वेळ छताकडे बघत होता. मी व्यायाम घेतला.  जाताना तो थँक्यू म्हणाला नाही.

दुपारी ब्रेकरूममध्ये लोरेटाने विचारलं, "तू उठत का होतीस?"

मी तिला शनिवारचं सांगितलं. मोदक म्हणजे काय, इंदोरा म्हणजे काय, सगळं समजवावं लागलं. जात मात्र समजवावी लागली नाही. सिंकचं सांगितल्यावर तिने सँडविच खाली ठेवलं.

"मग तू काय केलंस?"

"त्यांनी गराजमध्ये खुर्च्या मांडायला सांगितल्या."

"आणि तू मांडल्यास?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"माझी आई या गावातल्या टेकडीवरच्या घरात काम करायची," लोरेटा म्हणाली. "जेवायची मागच्या ओसरीत. तिला कधी कुणी ओरडून सांगितलं नाही. गोडच बोलायचे. हनी, तू जरा बाहेर बसतेस का?" तिने सँडविच पुन्हा उचललं. "मला ते 'हनी' अजून ऐकू येतं."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. सगळं ठीक होईल, असंही म्हणाली नाही. जेवण संपवलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

'आणि तू मांडल्यास?' आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. पेशंटचे पाय उचलताना, भांडी घासताना. मला राग येत होता आणि पहिल्यांदाच तो माझ्यावर नव्हता.

पुढच्या शनिवारी विसर्जन होतं. शिल्पाचा फोन आला नव्हता. मी तरी गेले. साधा ड्रेस घातला. वाटेत दोनदा वाटलं, वळावं. वळले नाही.

तेच घर. एकसारखी मोठी घरं, झाडं अजून काठ्यांना बांधलेली. काकूंनी दार उघडलं. चेहरा क्षणभर पडला, मग हसला. "अगं, ये ये. बाहेर बसतेस?"

"नाही," मी म्हणाले, आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

त्याच बायका होत्या. वाटली डाळ चालली होती. मी नळाखाली हात धुतले.  नळाचाच आवाज.

"काकू, गेल्या शनिवारी मी वळलेले मोदक तुम्ही टाकून दिले. का?"

"अगं, फाटले होते, सांगितलं ना."

"नव्हते फाटले. शिल्पा, तू समोर होतीस. फाटले होते?"

शिल्पाने ओव्हनकडे पाहिलं. त्यात काहीच नव्हतं.

"तू उगाच गैरसमज करून घेतेस," धरमपेठवाली म्हणाली.

"तुम्ही माझं आडनाव विचारलंत. मी सांगितलं. मग तुम्ही उठून काकूंना आत नेलंत. काय सांगितलंत आत?"

तिचा चेहरा लाल झाला. काकूंनी गॅस बंद केला.

"हे बघ," काकू म्हणाल्या, आता आवाजातली साखर गेली होती. "देवाचा नैवेद्य असतो. सोवळ्याचा. आमच्या घरात पाळतात. त्यात तुला पर्सनल घेण्यासारखं काही नाही."

"या सगळ्या सोवळ्यात होत्या? जीन्स घालून?"

 हॉलमधून काका आले. उंच, शांत माणूस, बँकेत मोठ्या पोस्टवर. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"जातबित आम्ही मुंबई एअरपोर्टवरच सोडून आलो," ते म्हणाले. "आज विसर्जन आहे. तू कशाला हा विषय घरात आणतेस?"

"मी नाही आणला, काका. याच ओट्यावर मला विचारला."

"मग आता काय हवंय तुला?"

 मी ओट्याला न टेकता सरळ उभी राहिले.

"काकूंनी म्हणावं, फाटले नव्हते. तुझी जात कळली म्हणून टाकले. एवढं सगळ्यांसमोर म्हणावं. माफी नको मला."

काकूंनी बंद गॅसवरची डाळ कालथ्याने हलवायला घेतली. मी थांबले.  दारात काकूंची मुलगी उभी होती. "मॉम? व्हॉट इज शी टॉकिंग अबाउट?"

"नथिंग, बेटा."

"डोंट टेल हर नथिंग," मी म्हणाले. मग त्या मुलीला इंग्रजीत सांगितलं. सगळं. तिच्या आईच्या देखत. काका मध्येच म्हणाले, "इनफ." मी वाक्य पूर्ण केलं आणि मग निघाले.

दुसऱ्या दिवशी शिल्पाचा फोन. "यार, लहान मुलीसमोर? किती ऑकवर्ड झालं सगळ्यांना. मला पण तिथेच राहायचंय ना."

"राहा," मी म्हणाले. अपार्टमेंट मीच कॅन्सल केलं.

मी गावातच राहिले. गाव चांगलं म्हणून नव्हे. पेट्रोल पंपावर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा जुना झेंडा लावलेलं पिकअप उभं असलं की मी अजून गाडीत थांबते. डायनरमध्ये शिरले की बोलणं मंदावतं. इथे नको असलेल्या माणसाला तोंडावर सांगतात, म्हणून ते चांगले होत नाहीत. शहर मोठं झालं, घरं नवी बांधली, म्हणून तिथली माणसं नवी झाली नाहीत. दोन्हीकडचं मला दिसतं आता. पळून जाण्याजोगी जागा मला कुठेच दिसत नाही.

पुढच्या वर्षी आमच्या हॉस्पिटलमध्ये एक मराठी डॉक्टर आले. सांगलीचे. मी त्यांच्या घरी गेले. डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं, मराठी ऐकून त्यांना भरून आलं. मी उंबऱ्यावरच सांगितलं, "मी नागपूरची. इंदोऱ्याची. बौद्ध. आधी सांगितलेलं बरं."

त्या गडबडल्या. "अहो, या ना, आत या."

चहा आला. त्यांच्या हातात स्टीलचा कप होता. मला कागदी. घरभर खोकी पडली होती. कप सापडले नसतील. तसंही असेल. पूर्वी मी तेवढ्यावर चहा पिऊन घरी गेले असते आणि रात्रभर विचार करत बसले असते.

"मला तुमच्यासारखा कप द्या," मी म्हणाले. "नसेल तर नाही म्हणून सांगा. पण सांगा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर हटवली नाही.

अंदाज बांधत बसायचे दिवस संपले. आता मी विचारते. आणि उत्तर आल्याशिवाय उठत नाही.