वेगळ्या वळणाचा प्रोसेसर

आमच्या घरात दोन हट्टी जीव राहतात. एक बाबा आणि दुसरा त्यांचा कॉम्प्युटर. लालबागच्या ज्या छापखान्यात बाबांनी वर्षानुवर्षं मराठी मजकूर टाइप करून पानं लावली, तो बंद झाला तेव्हा मालकाने त्यांना टेबलावरचा कॉम्प्युटर घरी न्यायला सांगितलं. तेव्हापासून घोडपदेवच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्याला टीव्हीपेक्षा जास्त मान आहे.

त्याच्यावर बाबा वर्षातून एकच काम करायचे, चाळीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीची पत्रिका. मागच्या वर्षी त्याची डिस्क गेली आणि जयंतीच्या समितीने पत्रिका मोबाइलवर करून घेतली. तेव्हापासून बाबांचं खाली उतरणं बंद झालं, आणि समितीतल्या कुणाचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवू लागले. मला ते बघवेना. या वर्षीची पत्रिका बाबाच करणार, असं मी ठरवून टाकलं.

नवीन लॅपटॉपचं नाव काढून बघितलं. ‘आणि याला काय भंगारात घालू?’ असं विचारून बाबांनी कॉम्प्युटरवर फडकं मारलं. विषय संपला.

मी परळच्या एका ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. बाबांच्या मते मी ते फक्त बंद करून पुन्हा चालू करते. त्यांचा गैरसमज दूर करायची हीच संधी, असं म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून जुनी डिस्क शोधून आणून बसवली, ऑफिसात कॉम्प्युटर चालवायला वापरतो ते लिनक्स डीव्हीडीवर उतरवलं आणि ऐटीत ती आत सरकवली. कॉम्प्युटर थोडा घुरघुरला आणि त्याने डीव्हीडी परत बाहेर दिली. मी दुसऱ्या आवृत्तीची डीव्हीडी केली. तीही बाहेर.

‘चव कळते त्याला,’ बाबा म्हणाले. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी ते खुशीत दिसले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘बाबा, याच्या प्रोसेसरची जातच वेगळी आहे.’

‘या घरात जात काढायची नाही, बाय.’

मग आम्ही ‘वेगळ्या वळणाचा’ म्हणायला लागलो. माझ्या ऑफिसातल्या सगळ्या मशीनचे प्रोसेसर एका वळणाचे, त्यामुळे दुसरंही काही असतं आणि एकासाठी केलेलं लिनक्स दुसऱ्यावर चालत नाही, हे मी विसरूनच गेले होते. पण जगात कुठे कुठे अशी माणसं आहेत, जी कंपन्यांनी सोडून दिलेल्या असल्या प्रोसेसरांसाठी वेगळं लिनक्स जुळवतात आणि फुकट देतात. बाबांना हे पटेना.

‘फुकट का देतात?’

‘आवडतं म्हणून.’

‘त्यांच्या घरची माणसं ओरडत नाहीत?’

त्या लिनक्सची डीव्हीडी मात्र कॉम्प्युटरने ठेवून घेतली. सगळं चढायला अख्खा रविवार गेला. आतला पंखा मिक्सरसारखा ओरडत होता आणि बाबा बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. शेवटी पडद्यावर चित्र आलं, खिडक्या उघडल्या, बाण हलला. मी ओरडलेच. बाबांनी खुर्ची ओढली, बोटं मोडली आणि पहिली ओळ टाइप केली. पडद्यावर नुसता कचरा उमटला.

‘तुझ्या लिनक्सला मराठी येत नाही,’ ते म्हणाले.

मराठी येत होती, पण बाबांच्या बोटांना जुन्या टाइपरायटरवरच्या कळांची सवय, आणि इथे अक्षरं भलत्याच कळांवर बसलेली. नव्या कळा शिकायचं सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला उठले. शोधता शोधता टाइपरायटरच्या कळांचा पर्यायही त्याच लिनक्समध्ये सापडला. तो लावला आणि बाबांची बोटं धावायला लागली. मी कितीतरी वेळ नुसती आवाज ऐकत उभी होते. मला रडू येत होतं, पण बाबांना ते चाललं नसतं.

पुढे पत्रिका करताना त्यांनी त्या बिचाऱ्या लिनक्सचे सगळे दोष काढले. प्रोग्राम उघडेपर्यंत भात होतो म्हणाले. पिंपळपानांची किनार तीनदा बदलली. पण पत्रिका अशी देखणी झाली की मी दाखवलेला नमुना बघून समितीचे कार्यवाह स्वतः जिना चढून आले आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, ‘एक नंबर झालीय, भाऊ. आता फाइल ग्रुपवर टाका, झालं काम. छापायची कटकट नको.’

बाबांचा चेहरा पडला. त्यांना हवं होतं ते तर मिळालं होतं, मग आता काय बिघडलं, हे मला कळेना. कार्यवाह गेल्यावर बाबा म्हणाले, ‘शंभरेक छापून आण. माझ्याकडून.’

‘सगळ्यांच्या मोबाइलवर जाणारच आहे, बाबा.’

‘पत्रिका हातात द्यायची असते. दारात जाऊन. यायचं हं, असं तोंडाने सांगायचं असतं.’

रविवारी सकाळी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पत्रिकांचा गठ्ठा घेऊन निघाले. गुडघे दुखतात म्हणून मी बरोबर. तळमजल्यापासून सुरुवात करायची, असा त्यांचा नेम. पहिल्या खोलीची कडी वाजवली. तिथल्या वहिनींनी दार उघडलं, बाबांना बघितलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

‘अगं बाई, भाऊ! कधी आलात गावाहून? आम्हाला वाटलं, तुम्ही कायमचेच तिकडे गेलात.’



‘नाही वहिनी, इथंच होतो,’ ते म्हणाले. ‘वरच.’ आणि त्यांनी दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली.