अकराव्या माणसाची वाट

रुबेनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शनिवार पेठेत इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर उभा होतो. सणाचे पांढरे कपडे न्यायला गेलो होतो. आम्हा बेने इस्रायली ज्यूंचे मोठे सण पावसाळा सरताना एकामागोमाग एक येतात. आधी नवं वर्ष, मग दहाव्या दिवशी किप्पूरचा कडक उपास, मग मांडवाचा सण आणि शेवटी नाचगाणं. फ्लोरावहिनी, म्हणजे त्याची बायको, फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. चहाचा कप हातातच होता." मी विचारलं, "कोण गेलं?" माणूस असं विचारतो, त्याला काही अर्थ नसतो. इस्त्रीवाल्यानं कपड्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि मी तो तसाच छातीशी धरून रिक्षात बसलो. आमच्यात उशीर करत नाहीत, दुपारीच त्याला आमच्या दफनभूमीत पोचवलं. मूठभर माती टाकताना मी लहान मुलासारखा रडलो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण आठवड्याभरानं जे कळलं त्यानंतर त्या माणसासाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालेलं नाही.

रुबेनदादा माझा सख्खा भाऊ नव्हे. आमच्या आया मैत्रिणी, घरं एकाच गल्लीत, आणि तो माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानं शिकवली, हिब्रू अक्षरं त्यानं गिरवून घेतली, माझ्यासाठी मुलगी बघायलाही तोच आला आणि चहा पिऊन होण्याआधीच "पसंत आहे" असं माझ्या वतीनं सांगून मोकळा झाला. नोकरी वजनमापं खात्यात. मार्केट यार्डात गाळ्यागाळ्यातून हिंडून काटे तपासायचे हे त्याचं काम. कॉलेजला सुट्टी होती म्हणून एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा काटा अगदी जराशी खोट दाखवत होता. तो हात जोडून म्हणाला, "सायेब, येवढ्याशानं काय व्हतंय?" दादानं मान वर न करता कागद लिहीत उत्तर दिलं, "तुम्हाला काहीच होत नाही. होतं ते घेणाऱ्याला." आणि काटा जप्त केला. मापात पाप नको, हे त्याचं पालुपद. वहिनी जेवायला वाढताना आम्हा पाहुण्यांना बजावायच्या, "भात नीट बघून घ्या हं, नाहीतर आमच्याकडे लगेच जप्ती येते."

सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, त्याची जागा ठरलेली होती... दार. आत बाकांवर तो क्वचितच बसला असेल. माझ्या लहानपणी सणाला बसायला जागा मिळायची नाही. पुढे निम्मी माणसं इस्रायलला गेली, काही ठाण्याला, काही वर. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. दहा नसले तर मेलेल्या माणसाच्या नावानं म्हणायचा कद्दिशही म्हणता येत नाही. आणि माणसांना आकड्यानं मोजू नये असाही संकेत आहे, म्हणून प्रार्थनेतलं दहा शब्दांचं एक वाक्य घेऊन माणसागणिक एकेक शब्द म्हणायचा. हे मोजायचं काम दादाचं. माझ्यावर बहुधा चौथा शब्द यायचा. नऊ माणसांवर नऊ शब्द झाले की दहावा त्याच्या स्वतःच्या वाट्याचा, पण तो शब्द तो उच्चारायचाच नाही. तोंडात धरून रस्त्याकडे बघत राहायचा. आम्ही करवादायचो, "अरे दादा, तू आहेस की दहावा!" तर म्हणायचा, "असू दे रे. उपासाचा दिवस, कुणाला घेरी आली तर? एखादा जास्त असलेला बरा." मग हा गृहस्थ कुठून कुठून माणसं पकडून आणायचा. हिंजवडीतल्या कंपन्यांत कामाला आलेले इस्रायली इंजिनियर, स्टेशनाजवळच्या हॉटेलांत उतरलेले पर्यटक. एकदा तर अर्ध्या चड्डीतला, पाठीवर बिऱ्हाड घेतलेला एक पोरगेलासा इसम आणला. अशांसाठी दादाच्या खिशात कायम एक जास्तीची टोपी असायची, निळ्या मखमलीची, कडेनं उसवलेली. अकरावा आला की दादाचा चेहरा उजळायचा आणि मग तो दारातूनच खूण करायचा, करा सुरू. तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, वाचनाला पुढे बोलावलं तर मात्र पाठ दुखते म्हणून दर वेळी दुसऱ्याला पुढे करायचा. आम्ही म्हणायचो, काय हा विनय!

सात वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. किप्पूरच्या दिवशी, भरल्या दहा माणसांत माझ्या नावानं कद्दिश म्हण. त्या वर्षी आमच्याकडे माणसांची फार वानवा होती, म्हणून मी ठाण्याला जायचं ठरवलं होतं. तिथे दहा काय, पाहिजे तर शंभर मिळतात. मावसभावानं अंथरूणसुद्धा घालून ठेवलं होतं. दादानं मला अडवलं. "तुझे बाबा पन्नास वर्षं ज्या बाकावर बसले, तिथे उभा राहून म्हण. माणसं मी जमवतो. माझ्यावर सोड." मी सोडलं. किप्पूरच्या दिवशी सकाळी त्याच्यासकट आम्ही बरोबर दहा होतो. एका इंजिनियरनं यायचं कबूल केलं होतं, पण त्याचा पत्ता नाही, आणि त्या दिवशी आम्ही फोनला हात लावत नाही. दादा चालत स्टेशनापर्यंत जाऊन आला. पाण्याचा थेंब पोटात नाही, चामडं चालत नाही म्हणून पायात कापडी बूट. तासाभरानं पुन्हा गेला. दुपारी परत आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता आणि बरोबर कुणी नव्हतं. मी बाबांच्या बाकाशी उभा होतो. तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला... बराच वेळ. मग त्यानं दहावा शब्द मोठ्यानं म्हटला. मी तो त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. "झाले, डॅनी. म्हण तू." मी म्हटला. संध्याकाळी शेवटची प्रार्थना झाल्यावर मी त्याला कडकडून मिठी मारली आणि म्हणालो, "दादा, तू होतास म्हणून झालं." त्यानं मिठीतून सुटून दाराकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, उपासानं थकला असेल.

आता वहिनींनी सांगितलेलं. सातव्या दिवसाची प्रार्थना झाली, माणसं पांगली, आणि त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर डॅनीला सांग म्हणून." रुबेनदादा त्याच्या आईच्या पोटचा नव्हता. बरीच वर्षं मूल होईना म्हणून त्या माउलीनं अलिबागकडे बहिणीच्या घरी काही महिने काढले आणि तिथल्या एका इस्पितळातून एका दिवसाचं मूल घेऊन परत आली. मूल कुणाचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्यात ज्यू आईच्या पोटी जन्मला तो ज्यू. बाहेरून आलेल्याला धर्मगुरूंसमोर रीतसर विधी करून, पाण्यात बुडी घेऊन आत यावं लागतं. तसं केलं तर सगळ्या गावाला कळेल, म्हणून तिनं काहीच केलं नाही. दादा बावीस वर्षांचा असताना मरतामरता त्याला सांगितलं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. लग्नाआधी त्यानं ती वहिनींपुरती मोडली, आणि त्याही गप्प राहिल्या.

मला सगळं ऐकू येत होतं, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. "म्हणजे त्या दिवशी आम्ही नऊच होतो," मी म्हणालो.

"नऊच."

"आणि तुम्ही वर बायकांच्या सज्जात बसून बघत होतात."

"हो." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "उठावं, ओरडावं असं वाटलं होतं... नाही उठले. भाऊजी, एवढ्या वर्षांत ह्यांनी स्वतःला एकदाही मोजलं नव्हतं. तेवढं एकदाच. तुमच्या तोंडाकडे बघवेना म्हणाले. रात्री सगळ्यांनी उपास सोडला, ह्यांनी दुसऱ्या दिवशीही अन्नाला हात लावला नाही."

मी चपला घालून निघून आलो.

माझी बायको म्हणते, "देव काय वजनमापं खात्यात नोकरीला आहे? त्याला पोचला असेल तुमच्या बाबांचा कद्दिश." पोचला असेल. देवाचं देव बघेल, मी माझं बोलतोय. दादा कुणाच्या पोटी जन्मला याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही. त्याच्याइतका ज्यू आमच्या अख्ख्या पेठेत दुसरा नव्हता. त्यानं मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी त्याच्याबरोबर धर्मगुरूंकडे गेलो असतो, तो बुडी मारून वर येईपर्यंत काठावर टॉवेल धरून उभा राहिलो असतो. किंवा तेही नको. "डॅनी, ठाण्याला जा," एवढे तीन शब्द पुरले असते. त्याऐवजी त्यानं मला थांबवून घेतलं, माझ्या बाबांचं काय करायचं ते माझ्या वतीनं ठरवलं आणि माझ्याच हातून खोटं माप भरून घेतलं. वर माझी मिठीही घेतली. एवढ्याशानं काय होतंय? होतं रे दादा, घेणाऱ्याला होतं. आणि खरं दुखणं त्याहून खाली आहे. मी या माणसाला माझं सगळं सांगत आलो. माझ्या बायकोलाही माहीत नाहीत अशा दोनतीन लाजिरवाण्या गोष्टी त्याला माहीत होत्या. आणि त्याला आयुष्यभरात मी तेवढ्या भरवशाचा वाटलो नाही. मेल्यावर सांग म्हणाला... म्हणजे माझं उत्तर ऐकायला आपण नको.

हे सगळं छापायचं का, यावरून माझं मन खालीवर होत होतं. म्हणून आधी वहिनींना आणि त्यांच्या मुलाला, इलानला, वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "छापा. आता दफनभूमीतून ह्यांना कोण उठवणार आहे?"

यंदाचा किप्पूर दहाएक दिवसांपूर्वी झाला. आम्ही नऊ जण होतो. दहावा इलान. तो बरीच वर्षं बेंगळुरूला होता, गेल्या वर्षी हिंजवडीत बदलून आला. वडिलांचं गुपित त्याला मला कळण्याच्या आदल्या दिवशी कळलेलं. मुलगा वहिनींच्या पोटचा, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. आईला घेऊन चालत आला आणि आत कुठे बसावं न कळून दारातच उभा राहिला, नेमका वडिलांच्या जागेवर. मोजायचं काम सगळ्यांनी माझ्याकडे दिलं. मी शब्द म्हणू लागलो. दहावा इलानवर आला आणि मी तो उच्चारला, कारण न उच्चारण्याचं काही कारण नव्हतं. इलाननं वडिलांच्या नावानं कद्दिश म्हटला, अडखळत, मध्ये एकदा थांबून. मग मी बाबांच्या बाकाशी गेलो आणि त्यांचा कद्दिश पुन्हा म्हटला. सात वर्षं उशिरा, पण या वेळी खऱ्या दहांत. ते दहा पुरे करणारा माणूस रुबेनदादाचा मुलगा होता. याचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. डोळे भरून येतील असं वाटलं होतं, ते आले नाहीत.

संध्याकाळी निघताना इलाननं माझ्या हातात काहीतरी ठेवलं. "बाबांच्या पांढऱ्या पँटच्या खिशात होती, अंकल. तुमच्याकडे असू दे." निळी मखमली टोपी, कडेनं उसवलेली. परत द्यावी असं मनात आलं होतं, पण हात पुढे झाला नाही.

आता मांडवाचा सण चालू आहे. सिनेगॉगच्या अंगणात झावळ्यांचा मांडव घातलाय, फळं टांगली आहेत. परवाच्या शनिवारी सकाळी पुन्हा दहा जमले. मी दारात उभा राहून एकेकाकडे बघत शब्द म्हणत होतो. यातल्या प्रत्येकाला मी जन्मापासून ओळखतो, असं मला महिन्यापूर्वीपर्यंत वाटत होतं. आता चेहऱ्यामागून चेहरा बघताना मनात येतं, हा काय लपवत असेल... आणि तो? हे असं बघणं माझ्या स्वभावात नव्हतं. हे मला रुबेनदादानं देऊन ठेवलंय, टोपीबरोबर.

नऊ शब्द झाले. शेवटचा तोंडातच राहिला.

"अंकल, झाले की दहा," इलान म्हणाला. "कुणाची वाट बघताय?"

मी खिशातली टोपी चाचपली आणि रस्त्याकडे बघत राहिलो. आता मलाही दहा पुरत नाहीत.