म्हाताऱ्याचा काटा काढला

आमच्या यांना सगळा बाजार ‘काटेवाले’ म्हणतो. वजनकाटे दुरुस्त करतात ना, म्हणून. स्वभावात मात्र काटा नावाला नाही. तो सगळा माझ्या वाट्याला आलाय, असं तेच म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते.

आमच्या धंद्यात अख्ख्या यंत्रालाही काटाच म्हणतात आणि त्याच्या सुईलाही काटाच. त्यामुळे हे जेवता जेवता सांगणार, “आज तिघांचे काटे काढले,” आणि मी म्हणणार, “बरं झालं, भाजी वाढू का?” परक्या माणसाच्या घशात घास अडकेल. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलंच नाही. त्यात यांचं फोनवर बोलणं म्हणजे फोन नसता तरी मला घरात ऐकू आलं असतं.

गेल्या महिन्यात गावाबाहेरच्या मोठ्या बाजारात भीतीनं नुसता थरकाप उडाला होता. एक म्हातारा कापडवाला दुपारी दुकान बंद करून घरी निघाला, तो पोचलाच नाही. झालं! ज्याला त्याला तोंड फुटलं. कुणी म्हणे टोळी आलीय, माणसं मारून पोत्यात भरते. कुणी म्हणे तीन पोती सापडलीसुद्धा. कुठं सापडली, कुणी पाहिली, विचारायची सोय नाही. दुकानदार गल्ल्याखाली दांडकी ठेवायला लागले. अनोळखी माणूस दिसला की दहाजण त्याच्याकडे टवकारून बघायचे. मी यांना म्हटलंसुद्धा, थोडे दिवस जाऊ नका तिकडे. तर हसले. “अगं, मला तिथं कोण ओळखत नाही? आणि आपला बारक्या आहे की.”

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. नावाला बारक्या, बाकी दारातून आत येताना वाकावं लागतं. त्या बाजारात हमाली करतो. ते काम त्याला यांनीच शब्द टाकून मिळवून दिलं होतं.

त्या दिवशी हे म्हाताऱ्या धान्यवाल्याकडे गेले होते. त्याचा जुना काटा गंजून फळीला असा धरून बसला होता की सोडायचं नावच घेईना. धान्यवाला घरी जेवायला गेलेला. मी मागच्या पडवीत वजनांचा गंज घासत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. हे मोठ्या खुशीत.

“झालं एकदाचं! म्हाताऱ्याचा काटा काढला. सुटता सुटेना बघ, शेवटी हातोडी घातली! आता पोत्यात घालून आणतोय. मागचं दार उघडं ठेव.”

मी “बरं” म्हणाले. देवा, मी नुसतं “बरं” म्हणाले.

यांनी फोन बंद न करताच खिशात टाकला असावा. मी ठेवणार तेवढ्यात पलीकडून कुणीतरी विचारलं, “पोत्यात काय आहे?” हे म्हणाले, “काटा आहे.” मग एकदम खूप माणसं बोलायला लागली. म्हातारा, पोतं, हातोडी, एवढेच शब्द मला कळत होते. हे समजावत होते, हसतच समजावत होते आधी. मग काहीतरी जोरात आपटलं आणि यांचं हसणं बंद झालं.

मी ओरडायला लागले. “अहो! वजनाचा काटा आहे तो! पोतं उघडून बघा!” खिशातल्या फोनमधून कुणाला ऐकू जाणार? मी आपली घरात उभी राहून बोंबलतेय आणि माझा नवरा तिकडे मार खातोय. फोन कानापासून काढवेना, आणि ऐकवेना.

मग यांचा आवाज आला. “बारक्या! अरे बारक्या, मी आहे रे! सांग यांना!”

मी ओरडायचं थांबवलं. म्हटलं वाचले. आला माझा भाऊ.

एकदम शांत झालं सगळं. कुणीतरी दरडावून विचारलं, “तू ओळखतोस याला? तू पण याच्यातलाच का?”

आणि माझा भाऊ म्हणाला, “नाही. मी कुठं ओळखतो?” मग कुणी म्हणालं, “मग बघतोस काय? हाण!” त्यानंतर यांचा जो आवाज आला तो मी कुणाला सांगणार नाही. फोन बंद पडला.

पोतं शेवटी धान्यवाल्यानं उघडलं, जेवून परत आल्यावर. आत काटा. त्यानंच यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जबडा मोडला, दोन बरगड्या गेल्या, उजवा हात पार चेचला. आणि तो कापडवाला? सुनेशी भांडून मुलीकडे जाऊन बसला होता, रुसून! दुसऱ्या दिवशी ढेकर देत परत आला.

पोलिसांनी बाजारात चौकशी केली. एवढी माणसं होती, पण विचारायला गेलं तर एकही नव्हतं. हातगाडीवाला म्हणे तोंड धुवायला गेलो होतो. चष्मेवाला म्हणे माझा चष्माच नव्हता डोळ्यावर. व्यापाऱ्यांचा म्होरक्या फळं घेऊन दवाखान्यात आला. “वहिनी, गैरसमज झाला. लोक घाबरलेले होते. जमावाला डोकं नसतं हो.” नसतं म्हणे! प्रत्येकाच्या धडावर एकेक होतं की. मी ती फळं त्याच्याच हातात परत दिली.

बारक्याचं मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांचा जबडा तारेनं बांधलेला, ते बोलणार कुठून? आईला तेवढं कळलं होतं, बारक्यानंच रडून सांगितलं असणार. तिचा रोज फोन. “तोंड उघडू नकोस. घरातलं घरात राहू दे. मारणारे कितीतरी होते, याचं एकट्याचं नाव कशाला?” तेही खरंच होतं. मला झोप लागेनाशी झाली. आजवर मला वाटायचं, गुन्हेगार म्हणजे कुणीतरी लांबचा, बघताक्षणी ओळखू येणारा. हा तर माझ्या कडेवर वाढलेला.

पोलीस अधिकारी जबाब घ्यायला आले तेव्हा बारक्या नेमका डबा घेऊन दारात उभा. रोज यायचा. डबा द्यायचा, खाली मान घालून बसायचा, जायचा.

“तुमचा फोन चालू होता ना?” साहेब म्हणाले. “कुणाचा आवाज ओळखू आला?”

आई आठवली, भावजय आठवली, तिची तान्ही पोर आठवली. उद्या त्या बाजारात यांना काम कोण देईल? वाटेत मलाच गाठलं तर? ‘नाही’ म्हणायचं, सुटायचं. जिभेवर आलंसुद्धा होतं.

तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडे गेलं. हे बारक्याच्या हातांकडे बघत होते. पाय पोटाशी घेऊन पलंगाच्या पार कडेला सरकले होते, बऱ्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढलेली, आणि अंग लटलट कापत होतं. बारक्या डबा ठेवायला एक पाऊल पुढं आला, तर यांनी डोळे गच्च मिटून घेतले. म्हणजे इतके दिवस रोज तो यायचा, मी त्याला यांच्याजवळ बसवून औषधं आणायला जायचे, आणि माझा माणूस असा पडून असायचा.

“एकाचा ओळखला,” मी म्हणाले.

“ताई!” बारक्याचा आवाज चिरकला. “मी घाबरलो होतो गं. मला पण मारून टाकलं असतं त्यांनी.”

“ठाऊक आहे मला. मी काय कमी घाबरलेय?” मी हात मांडीखाली दाबून धरले. “साहेब, लिहा.”

मी त्याचं शाळेतलं नाव सांगितलं. साहेबांनी लिहिलं आणि मान वर न करताच विचारलं, “ओळखीचा आहे का कोण?”

“धाकटा भाऊ आहे,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.